कंसाबाहेरचा शब्द

४ ऑगस्ट

खोली मिळाली. बेकरीच्या बरोब्बर वर आहे, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असते आणि कपड्यांना पावाचा वास येतो. माझ्या भावाला, अर्नेलला, जहाजावर निरोप पाठवला की पत्ता बदलला. त्याने विचारलं, नोकरीही बदललीस का? हो म्हटलं. इलोइलोतली बँक सोडून नदीकाठच्या या गावात सरकारी कंत्राटावर का आले, हे त्याला समजावणं अवघड आहे. सर देल्फिननी बोलावलं म्हणून आले, एवढंच. कॉलेजात ज्यांनी कॉम्प्युटरशी बोलायला शिकवलं, त्यांनी इतक्या वर्षांनी स्वतः फोन करून 'दाय, पोरी, येशील का?' असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं.

५ ऑगस्ट

पूर-इशारा केंद्र म्हणजे नगरपालिकेच्या मागे दोन खोल्या, एक रेडिओचा मनोरा आणि एक मांजर. नदीवर जागोजागी पाण्याची उंची मोजणारी यंत्रं आहेत. ती रेडिओवरून आकडे पाठवतात आणि आमचा कॉम्प्युटर ते वाचून काठच्या गावांतले भोंगे वाजवतो. हे सगळं चालतं सरांनी लिहिलेल्या स्क्रिप्टांवर. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक दिलेले हुकूम. जुना कॉम्प्युटर त्यातले चुकलेले कंस मुकाट्याने खपवून घ्यायचा. नवा आणलाय तो एकेका कंसावर अडून बसतो. कुठे उघडलेला कंस मिटलेलाच नाही, कुठे चौकोनी हवा तिथे गोल. वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं नव्यावर जायला हवं.

कारकून आहे बेबोत नावाची, पन्नाशीची. तिने माझं काम काय ते विचारलं. सांगितलं. "म्हणजे उवा काढायच्या," ती म्हणाली. "त्यासाठी थेट इलोइलोहून माणूस? मी माझ्या सगळ्या भावंडांची डोकी साफ केलीत. मला विचारायचं."

सर खूप वाळलेत. कॉलर गळ्याला टेकतच नाही. म्हणाले, वरच्या गावांपासून सुरू कर, इगदालाग सगळ्यात शेवटी घे. इगदालाग नदीवरचं सगळ्यात खालचं गाव, तेव्हा क्रम बरोबरच आहे.

१३ ऑगस्ट

आज सर माझ्या खुर्चीमागे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "कंसाबद्दल मी वर्गात काय सांगायचो, आठवतंय?"

आठवत होतं. कंस म्हणजे कुंपण. आतले हुकूम एकमेकांना बांधलेले असतात, एक फसला की पुढचा थांबतो. कुंपणाबाहेरच्याला आत काय झालं ते कळत नाही.

"आणि तो काय करतो?" सरांनी विचारलं.

"आपलं काम करत राहतो."

"आपलं काम करत राहतो," सर म्हणाले, आणि चर्चला निघून गेले. रोज दुपारी जातात. शिक्षक म्हातारे झाले की आपलीच वाक्यं आठवत बसतात, असं वाटून मला जरा गंमत वाटली.

२२ ऑगस्ट

बेबोतबरोबर बाजारात गेले होते. मासळीवाल्या बाईसमोर एक माणूस टोपली घेऊन उभा होता. ती त्याला मुद्दाम हातवारे करून भाव सांगत होती, बोटं दाखवून, तोंड मोठं करून. शेजारच्या बायका हसत होत्या. त्याने तिच्या बोटांकडे बघून पैसे मोजले. मासे घेतले, गेला.

"बहिरा आहे का?" मी विचारलं.

"इगदालागचा आहे," बेबोत म्हणाली. "त्या सगळ्यांनाच बहिरे म्हणतात."

मग तिने सांगितलं. गेल्या नोव्हेंबरात पाणी आलं तेव्हा इगदालागची खालची आळी वाहून गेली. माणसं गेली, पोरं गेली. चौकशी झाली. केंद्राच्या कॉम्प्युटरवर नोंद होती की इगदालागचा भोंगा पाणी चढायच्या पुष्कळ आधी वाजला. म्हणजे वाजला आणि लोक हलले नाहीत. अहवालात तसंच आलं, रेडिओवर तसंच सांगितलं. तेव्हापासून 'बहिऱ्यांचं गाव'.

"ते लोक काय म्हणतात?"

"आधी म्हणायचे वाजलाच नाही. आता म्हणतात वाजला." बेबोतने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वर्षभर लोकांनी ऐकवलं की माणसाला ऐकू येतंच."

३ सप्टेंबर

काल दिवसभर पाऊस. पूर वगैरे नाही, नुसता पाऊस. सर घरी गेलेच नाहीत. दर थोड्या वेळाने इगदालागच्या सरपंचाला, कापितान रोदेलला, स्वतः फोन लावत होते: "पाणी कुठवर आलं? भोंग्याची वाट बघू नका. मी सांगतो तेव्हा निघा." बाकीच्या गावांना फोन नाही, फक्त इगदालागला.

बेबोत म्हणते वर्षभर असंच चाललंय. पाऊस आला की सर खुर्चीतच झोपतात. आणि इगदालागच्या घरांवर नवे पत्रे चढले ते सरांनी आपल्या खिशातून घातलेत, कुणाला सांगायचं नाही या बोलीवर. "तुला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली.

मला सरांचा अभिमान वाटला. आणि थोडं वाईटही. जन्मभर यंत्रांवर काम केलेल्या माणसाचा म्हातारपणी यंत्रावरचा विश्वास असा उडावा.

१६ सप्टेंबर

इगदालागला जाऊन आले. भोंग्याच्या खांबावरची रेडिओची पेटी नव्या कॉम्प्युटरशी बोलते का ते बघायचं होतं. सर येणार होते, पण पुलापाशी म्हणाले गुडघा धरलाय, तू हो पुढे. मी पूल ओलांडून मागे पाहिलं तर ते गाडीत बसले नव्हते. कठड्याला धरून उभे होते.

खांब शाळेच्या आवारात आहे. पलीकडे उतार, उताराखाली जिथे खालची आळी होती तिथे आता नुसते गोटे. खांबाला लागून फेलिसांचं घर; इथे सगळे त्यांना मानांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. साठीच्या असतील, काळे कपडे. मला उन्हात उभी पाहून त्यांनी बोलावलं, उकडलेली केळी पुढे केली.

"वाजवणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

"आज नाही. तारा बघतेय फक्त."

"वाजवायचा असेल तर आधी सांग हं. मी बहिणीकडे जाईन." मग केळं सोलत म्हणाल्या, "मी ऐकला होता तो. रेडिओवाले सांगतात ते खरं आहे. झोपेत होते. लांबून आवाज आला, ताणत ताणत. मला वाटलं चाचणी असेल. नवीनच बसवला होता ना तेव्हा. मी बहिणीकडे असताना बसवला, मला कुठे ठाऊक कसा वाजतो. मी कूस बदलली. दुल्से आणि तिची दोन पोरं खाली, नदीपाशी. मी उठून हाक मारली असती तर त्यांना वर यायला कितीसा वेळ लागतो?"

उतार मी पाहिला होता. नाही लागत वेळ. केळं माझ्या हातात तसंच होतं. त्या पुन्हा म्हणाल्या, "केळं खा, दाय. गार होतंय."

दुल्से त्यांची एकुलती एक.

२९ सप्टेंबर

दोन दिवस ताप. पडल्या पडल्या भोंगा ऐकू येत होता. खाली बेकरीत भट्टीचं दार उघडलं की कुरकुरतं, तेच असणार. तरी प्रत्येक वेळी उठून खिडकीशी गेले. उठले नाही तर काय, हा विचार डोक्यातून जाईना.

सर बघायला आले होते, कोंबडीचं सूप घेऊन. दारातच उभे राहिले. "किती गावं झाली?" म्हटलं इगदालाग सोडून सगळी. ते म्हणाले, "बरं." मग जिन्यावरून दोन पायऱ्या उतरून परत आले. "घाई करू नकोस. पण नीट वाच. नुसतं चालतं म्हणून सोडून देऊ नकोस."

मला बरं नसताना कामाचंच बोलले, याचा थोडा राग आला.

९ ऑक्टोबर

इगदालागची स्क्रिप्ट नव्या कॉम्प्युटरवर चालवली. एकाही कंसावर अडला नाही. बाकी प्रत्येक गावाने रडवलं होतं, म्हणून ही पास झाली असं समजून मी बंदच करणार होते. मग सरांचं बोलणं आठवलं आणि वाचायला बसले.

इथे लिहून ठेवते, म्हणजे माझंच मला नीट कळेल.

बाकी गावांसाठी असं आहे. कंस उघडतो. आत तीन हुकूम: रेडिओवर गावाशी संपर्क आहे का बघ, असेल तर भोंगा वाजव, वाजला असेल तर 'वाजला' अशी नोंद कर. कंस मिटतो. त्यापुढे: यातलं काहीही फसलं तर ड्यूटीवरच्या माणसाला घंटा देऊन उठव, म्हणजे तो गावाला फोन करेल.

इगदालागच्या स्क्रिप्टमध्ये कंस एक हुकूम आधी मिटलाय. संपर्क आणि भोंगा आत. 'वाजला' ही नोंद बाहेर.

म्हणजे रेडिओ मेला असला, भोंगा गप्प असला, तरी नोंद होणारच: वाजला. आणि नोंद करणं कधी फसत नाही, म्हणून त्यापुढची घंटाही कधी होणार नाही.

रेडिओच्या जुन्या नोंदी काढल्या. त्या दिवशी इगदालागशी संपर्क पाणी चढायच्या आधीच तुटला होता. तिथल्या खांबावरची तार वाऱ्याने गेली होती. भोंगा वाजलेलाच नाही.

ते लोक झोपलेले होते कारण कुणी त्यांना उठवलंच नाही.

१० ऑक्टोबर

अर्नेलला फोनवर सांगितलं. मागे इंजिनाचा आवाज होता. "तुला दुरुस्त करायला ठेवलंय ना?" तो म्हणाला. "दुरुस्त कर. बाकीचं उकरायला तुला कुणी सांगितलंय? त्या माणसाची नोकरी किती राहिली? दोन वर्षं?"

चूक सरांची आहे, यात शंका नाही. ती स्क्रिप्ट त्यांच्याशिवाय कुणी लिहिली नाही. पण त्यांना ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर वर्षभर कंस तसाच ठेवतील का? मी सांगितलं तर त्यांना धक्का बसेल. त्यांचं हृदय कसं आहे कुणास ठाऊक.

मानांग फेलिसा रोज सकाळी उठून काय विचार करत असतील, याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

१३ ऑक्टोबर

सांगितलं. दुपारी बेबोत जेवायला गेली तेव्हा. मी पडद्यावर स्क्रिप्ट उघडली, बोट ठेवलं. सरांनी चष्माही लावला नाही.

"सापडला," ते म्हणाले.

मला आधी वाटलं ते मला विचारतायत.

मग ते बसले आणि बोलत राहिले, खालच्या आवाजात, वर्गात बोलायचे तसे. त्या दिवशी ड्यूटीवर तेच होते. पडद्यावर 'इगदालाग: वाजला' असं आलं. बाकी ज्या गावांसाठी घंटा झाली त्यांना त्यांनी एकेक करून फोन केले. इगदालागला केला नाही, कारण इगदालागचं काम झालं होतं. चौथ्या दिवशी कंस दिसला. तोवर चौकशीवाल्यांनी नोंदीचा कागद नेला होता.

"मग तुम्ही दुरुस्त का नाही केलात?"

"हात लावला असता तर पुसलं गेलं असतं, दाय. कुणालाच कधी कळलं नसतं. आणि तसंच ठेवून स्वतः सांगायला..." त्यांनी हात उघडले. "रोज चर्चमध्ये ठरवायचो. पुलापर्यंत जायचो. म्हटलं, कुणाला तरी सापडू दे. नीट वाचणारं कुणीतरी हवं."

"म्हणून मला बोलावलंत."

"तू वर्गात शेवटचा कंससुद्धा सोडायची नाहीस."

मला भयंकर संताप आला. मी म्हणाले, "सर, तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून तुम्ही एक पूर्ण गाव वर्षभर बहिरं ठेवलंत." ते हो म्हणाले. नुसतं हो. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या आत नव्या कॉम्प्युटरवर कंस जागेवर आणला. जुनी प्रत जशीच्या तशी ठेवली. सरांनी मुदत मागितली, आठ नोव्हेंबरची. त्या दिवशी वर्ष पुरं होतं, गाव काळे कपडे उतरवणार. त्या दिवशी सांगतो म्हणाले. मी म्हटलं, नाही सांगितलंत तर मी सांगेन.

ते पत्रे, ते फोन, ते सूप. सगळं आता वेगळं दिसतं. दुपारभर तोच विचार.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. दफनभूमीत सगळं गाव मेणबत्त्या आणि जेवणाचे डबे घेऊन. बेबोतने आपल्या नवऱ्याच्या थडग्यावर बसून मला भात वाढला आणि नवऱ्याला म्हणाली, "ही नेलिया, कंस काढते. तुझ्यासारखी अबोल आहे, जमलं असतं तुमचं."

इगदालागची थडगी शेवटच्या रांगेत, पांढरी, नवी. ज्यांचं कुणी सापडलं नाही त्यांच्या नावाच्या नुसत्या फळ्या. दुल्सेची फळी आहे. मानांग फेलिसा तिथे नव्हत्या. कापितान रोदेल म्हणाले, त्या येत नाहीत. उताराखालीही उतरत नाहीत, पाण्यालाही शेजारची पोर जाते.

सर लांब फाटकापाशी उभे. आत आले नाहीत. सहा दिवस आहेत. मला वाटतं ते नाही सांगणार.

८ नोव्हेंबर

सांगितलं.

पुलावर त्यांचा हात मी धरला होता. नको म्हणाले नाहीत. शाळेच्या आवारात प्रार्थना झाली, बायकांनी काळे कपडे उतरवून रंगीत घातले. फादर निघाल्यावर सर पुढे गेले आणि म्हणाले, "भोंगा वाजला नव्हता."

मग सगळं सांगितलं. कंस वगैरे लोकांना कळेना, तेव्हा जमिनीवर काठीने रेघ ओढून दाखवलं, ही आतली बाजू, ही बाहेरची. "पडद्यावर वाजला आलं म्हणून मी फोन केला नाही. नंतर मला कळलं. वर्षभर मी गप्प बसलो." उद्या जुनी प्रत घेऊन चौकशीवाल्यांकडे जातो म्हणाले.

कुणी अंगावर धावलं नाही. मला त्याची भीती होती. पण जे झालं ते जास्त कठीण होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, जणू प्रत्येकाला दुसऱ्याला विचारायचं होतं की मग तू काय ऐकलंस. बाजारात पाहिलेला तो टोपलीवाला खाली बसला आणि हसायला लागला. त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तो हसतच होता.

शेवटी कापितान रोदेल बोलले. "आम्ही बहिरे नाही, हे उद्या रेडिओवर तुमच्या तोंडाने सांगायचं, एंजिनियर."

"सांगतो."

"मग जेवून जा. पण आमच्यात नाही. तिकडे बसा."

सर तिकडे, आंब्याखाली, एकटे बसले. कुणीतरी पान नेऊन दिलं. भात त्यांनी खाल्ला, सगळा, मान खाली घालून. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले नाही. बसायला हवं होतं का, ठाऊक नाही.

मानांग फेलिसांनी मात्र काळे कपडे उतरवले नव्हते. मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा मोकळा झालेला दिसेल. मी म्हणाले, "मानांग, तुमची काही चूक नव्हती. उठवायला काही वाजलंच नव्हतं."

"मी ऐकला, दाय," त्या म्हणाल्या. "एंजिनियरला काय माहीत. तो इथे होता का?"

१० नोव्हेंबर

काल सर रेडिओवर बोलले. आज केंद्रात त्यांची खुर्ची रिकामी, पुढचा हुकूम येईपर्यंत.  बेबोतने मांजराला दूध सरांच्याच बशीत घातलं.

नवा कॉम्प्युटर लागला. भोंग्यांची पूर्ण चाचणी आज दुपारी होती. मी इगदालागला गेले, मानांगना आधी सांगायचं कबूल केलं होतं म्हणून. वाटलं होतं त्या बहिणीकडे जातील. त्या म्हणाल्या, "नाही. ऐकते मी."

अंगणात उभ्या राहिल्या, खांबाकडे तोंड करून, हात पोटाशी धरून. मी केंद्राला फोन केला. भोंगा वाजला. इतका मोठा की पोटात घुमतो. कोंबड्या पळाल्या, शाळेतली पोरं कान झाकून बाहेर आली. मानांग हलल्या नाहीत. एकच जाड, सपाट आवाज, अखंड, संपेपर्यंत.

थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा नव्हे."

मला इतकं बरं वाटलं. मी त्यांचा हात धरला. "बघा मानांग. म्हणजे तुम्ही ऐकलाच नव्हतात. स्वप्न पडलं असेल, वारा असेल."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण ते बारीक होतं. आणि मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत होतं."

मी हात सोडला नाही. दम घ्यायला भोंगा थांबत नाही, माणूस थांबतो. पोरं शाळेत परत गेली. मग त्यांनीच हात सोडवून घेतला, चपला काढल्या आणि उतारावरून खाली निघाल्या. मी मागे गेले, थोडं अंतर ठेवून. गोट्यांवरून त्या चालत होत्या, वर्षभर त्या वाटेवर पाय न ठेवलेल्या बाईसारख्या नाही, रोज ये-जा असल्यासारख्या. एका जागी थांबल्या. तिथे काही नव्हतं. चुलीचे दोन दगड, तेही कदाचित नुसते दगडच.

नदीकडे तोंड करून त्यांनी ओ दिली.